भागीदाराची निवड

धाकटीच्या प्रबंधाचा विषय कागदावर झकास दिसत होता: परक्या देशात शिरताना कंपनी तिथला भागीदार कसा निवडते. अडचण एवढीच, की त्यावर बोलायला एकही कंपनी तयार नव्हती. तिने ऑफिसांचे उंबरे झिजवले. कुठे साहेब दौऱ्यावर, कुठे नुसतंच 'कळवतो'. मार्गदर्शक मॅडमनी आराखडा चाळून सांगितलं, की पुस्तकातलं पुस्तकात उतरवायला पदव्युत्तर पदवी लागत नाही. माणसांशी बोलून ये.

शेवटी धावून आले ते भाऊजी, ताईचे यजमान. ते पंपांच्या कारखान्यात तयार पंपांची चाचणी घ्यायचे. कुणापुढे शब्द टाकणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, पण मेहुणीसाठी ते मॅनेजरांच्या केबिनबाहेर ताटकळत उभे राहिले आणि काम झालं. बढतीसाठी कधी असे उभे राहिला असतात तर, असा टोला ताईने मारलाच.

मॅनेजर बोलके निघाले. निमूट ऐकून घेणारं माणूस त्यांना बऱ्याच दिवसांत भेटलं नसावं. ऐकलेलं बाहेर जाऊ देणार नाही आणि लिहिताना नावं गाळीन, असं धाकटीने आधीच लिहून दिलं होतं. तिसऱ्या भेटीत त्यांनी समुद्रापलीकडच्या भागीदाराशी सूत कसं जुळलं ते रंगवून सांगितलं आणि त्याच ओघात म्हणाले, "आता ओतकामापासून चाचणीपर्यंत सगळं तिकडेच. इथे राहील फक्त गोदाम."

तिचा लिहिता हात थांबला. "आणि इथली माणसं?"

"वेळ आली की सांगू त्यांना. आत्ता बोभाटा झाला तर आमचा करार बुडेल, आणि तुमचा प्रबंधही."

जिना उतरून ती तडक कॉलेजात गेली. मॅडमना तिने आडून आडून विचारलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: दिलेला शब्द पाळायचा, जड जात असेल तर मुलाखती काढून टाकायच्या आणि दुसरी कंपनी शोधायची. म्हणजे वर्षावर पाणी सोडायचं. तिने मुलाखती काढल्या नाहीत.

त्याच आठवड्यात ताईकडे जेवायला बसल्यावर भाऊजींनी विषय काढला. एका छोट्या वर्कशॉपवाल्याने त्यांना बोलावलं होतं. पगार थोडा कमी, पण तपासणीचं सगळं काम त्यांच्या हाती देणार होता. ताईला ते पटत नव्हतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं हे वय नाही, असं तिचं मत.

"तू हेच शिकतेस ना?" भाऊजींनी धाकटीला विचारलं. "जाऊ का राहू? सांग."

तिने पोळीचा तुकडा मोडला. "मला नाही सांगता येणार, भाऊजी."

ते हसले. एवढं शिकून एवढंच का, म्हणाले. मग तीही हसली आणि वाटीतलं वरण संपवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्कशॉपवाल्याला नाही म्हणून कळवलं.

कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली तेव्हा धाकटीचं शेवटचं प्रकरण टायपिंगला गेलं होतं. ती ताईकडे गेली. ताई भाजी निवडत होती, मान वर न करता तिने विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलायचं तिच्या मनात येऊन गेलं, पण ती खरं तेच बोलली. ताई उठून आत गेली. भाऊजी खिडकीशी बसले होते.

"सांगता येत नव्हतं, ते समजलं मला," ते म्हणाले. "पण तू हसलीस ना तेव्हा, मला वाटलं सगळं ठीक आहे."

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मुलाखतींचं तोंड भरून कौतुक केलं. इतक्या मोकळेपणाने कंपन्या सहसा बोलत नाहीत, हे जमवलं कसं, असं त्यांनी विचारलं. घरच्या ओळखीतून, असं तिने सांगितलं. मॅडमनी पाठ थोपटली.

वर्कशॉपवाल्याने तोवर दुसरा माणूस घेतला होता. भाऊजींना काम मिळालं ते परगावी, आणि ते महिन्यातून एकदाच घरी यायला लागले. धाकटी अजून ताईकडे जाते. ताई तिला बस म्हणते, चहा ठेवते, नोकरी कशी चाललीय ते विचारते. कपाखाली हल्ली बशी असते, पाहुण्यांना देतात तशी.