आता चेष्टा पुरे

पहिली रेघ लगेच उमटली. ती उमटायचीच, तिचा अर्थ एवढाच की रक्ततपासणीचं कार्ड खराब नाही... आणि तिच्या शेजारी, नखाएवढ्या अंतरावर, पांढऱ्या पट्टीत काहीच नव्हतं. मग गुलाबी काहीतरी असल्याचा भास झाला, मग तो भास राहिला नाही. मधुवंतीनं घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं. नियम पंधरा मिनिटं थांबायचा, पण दुसरी रेघ एकदा आली की परत जात नाही हे तिला ठाऊक होतं, ती येणार हेही ठाऊक होतं, आणि म्हणून ती मान हलवून हसली. प्रयोग पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वागला की प्रयोगशाळेत माणूस हसतं, तसं.

"ही येणारच होती," ती म्हणाली.

शेजारच्या स्टुलावर विनोदिनीआत्या बोटावर कापूस दाबून बसली होती. ती कार्डाकडे बघत नव्हती, मधुवंतीकडे बघत होती.

तीन वर्षांपूर्वी आत्याची दोन्ही मूत्रपिंडं थांबली, तेव्हा देवासचं घर बंद करून ती धारला भावाकडे राहायला आली, आणि आठवड्यातून दोनदा इथंच, या केंद्रात, तिचं डायलिसिस होत असे. गेल्या वर्षी तिच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला. कुठून आला ते कळलं नाही. इथली सगळी यंत्रं तो नसलेल्यांसाठी, असलेल्यांचं वेगळं यंत्र देवासला. म्हणून सोमवारी आणि शुक्रवारी पहाटे पाचची बस, इंदूरला उतरून दुसरी बस, चार तास यंत्रावर, आणि तसंच परत. बारा आठवडे गोळ्या झाल्या. गोळ्या संपल्यावर आणखी बारा आठवडे थांबून खरी तपासणी झाली, विषाणू शोधणारी, आणि मागच्या गुरुवारी अहवाल आला : आढळला नाही. तोच अहवाल घेऊन आज त्या दोघी आल्या होत्या. आत्याला परत धारचं यंत्र मिळावं, एवढ्यासाठी. पण केंद्राच्या नियमानं आधी कार्ड करावंच लागलं.

केंद्रातल्या अंकितनं अहवाल दोनदा वाचला. मधुवंतीनं त्याला समजावून सांगितलं की कार्ड विषाणूला पकडतच नाही, शरीरानं त्याच्याविरुद्ध जे तयार केलं त्याला पकडतं, आणि ते बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं राहतं. तो ऐकत होता. मुलगा वाईट नव्हता.

"दीदी, मैं समझ रिया हूँ," तो म्हणाला, "पर रजिस्टर में खाने दो ही हैं. रिॲक्टिव, नॉन-रिॲक्टिव. तीसरा खाना मैं काँ से लाऊँ?"

डॉक्टर सोमवारी येणार होते, त्यांच्यापुढे तो कागद ठेवणार होता. तोवर माताजींनी उद्या देवासलाच जावं.

घरी आल्यावर आत्यानं नेहमीसारखा डबा भरला, आणि मधुवंती अर्ध्या दिवसाची रजा संपवून पीथमपूरच्या बसमध्ये बसली. औषधांच्या कारखान्यात, जंतूंच्या प्रयोगशाळेत, तिला दोन वर्षं झाली होती.

डब्याच्या पिशवीत चिठ्ठी होती. त्यात नवल नव्हतं. मधुवंतीची शाळा हिंदी. घरात मराठी बोलायची पण वाचायचं म्हटलं की अक्षरं जुळवत बसायची, म्हणून ती दुसरीत असल्यापासून, आत्या धारला राहायला आली की तिच्या शाळेच्या डब्यात मराठी चिठ्ठी टाकायची — ‘आमटी सांडू नकोस’, ‘काल कवितेत र्‍हस्व चुकलीस’ — आणि संध्याकाळी विचारायची, काय लिहिलं होतं? देवासला एकतीस वर्षं मराठी शिकवलेली बाई. आता मधुवंती चोवीस वर्षांची होती तरी ते चालूच होतं, आणि आत्याला ऐकू कमी येऊ लागल्यापासून फोनपेक्षा तेच बरं पडत होतं.

‘मधू, आता चेष्टा पुरे. उद्या मी देवासला जाणार नाही.’

तिनं ते जुळवत वाचलं. चेष्टा. शाळेतल्या हिंदीच्या मॅडमनी वहीत लिहून दिलेला अर्थ तिला पानासकट दिसला : चेष्टा, यानी प्रयत्न, कोशिश. प्रयत्न पुरे. आता प्रयत्न पुरेत. मी जाणार नाही.

बस कुठेतरी थांबली, सुटली. मागच्या बाकावरची पोरं कुणा भियाच्या, म्हणजे दादाच्या, लग्नावरून एकमेकांना चिडवत होती. मागचं डायलिसिस सोमवारी झालं... म्हणजे आज चौथा दिवस. उद्या चुकलं तर पोटॅशियम चढायला लागेल, पावलं सुजतील, मग पाणी फुप्फुसात. दहा दिवस, फार तर पंधरा — हे सगळं मला इतकं नीट पाठ का आहे? मी काय कमी केलं? गोळ्यांसाठी नाव नोंदवलं, एक दिवस चुकू दिला नाही, भिंतीवरच्या तक्त्यावर चौऱ्याऐंशी खुणा मी स्वतः केल्या, आणि ज्या माणसासाठी केल्या ते माणूस दोन ओळींत थांबतं. आणि किती शांत अक्षर! एकही काना वाकडा नाही. माणूस असं ठरवल्यावर अक्षर वाकडं व्हायला हवं ना?

प्रयोगशाळेत तिनं एकाच बशीतल्या जंतूंच्या वसाहती तीनदा मोजल्या. चौदा, सोळा, चौदा. चौथ्यांदा मोजायला घेतली तेव्हा शेजारच्या टेबलावरून कृतिका आली. ती सांगलीची, सहा महिन्यांपूर्वी नोकरीसाठी आलेली, इथल्या मराठीला हसणारी. मधुवंतीनं चिठ्ठी तिच्यापुढे केली. कुणीतरी वाचायला हवी होती.

कृतिकानं मोठ्यानं वाचली, आणि तिच्या आवाजात ती दोन वाक्यं एकदम वेगळीच वाटली, कुणीतरी दार लावून घेतल्यासारखी.

"आत्या भडकल्यात की गं. एवढी कसली चेष्टा केलीस त्यांची?"

"चेष्टा म्हणजे प्रयत्न ना?"

"प्रयत्न? अगं, चेष्टा म्हणजे थट्टा. तुम्ही धारवाले धन्य आहात."

मधुवंतीला आधी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. ती खुर्चीवर बसली, पाणी प्यायली. मग ते बरं वाटणं हळूहळू ओसरलं आणि त्याखाली सकाळ दिसू लागली. स्टुलावरची आत्या, आणि मी हसले.

मी तिला हसले नाही. पण तिला हे कसं कळावं? सहा महिने मी तिला सांगत होते : तू निगेटिव्ह होणार. मागच्या गुरुवारी सांगितलं : झालीस निगेटिव्ह. कार्डाचं, त्या दुसऱ्या रेघेचं एका शब्दानं बोलले नाही, कारण ते लांबलचक होतं, आणि आत्याला कुठे कळणार... त्याच संध्याकाळी आत्यानं स्वतःचा कप, जो तिनंच, कुणी सांगितलं नसताना, खिडकीत वेगळा ठेवला होता, तो उचलून घरच्या कपांमध्ये ठेवला. आणि आठ दिवसांत तिच्यासमोर पुन्हा दोन रेघा, आणि भाची हसून म्हणते, येणारच होती.

आणि त्याआधी, गेल्या दिवाळीत. कार्डावर रेघांशेजारी सी आणि टी अशी अक्षरं असतात. आत्या पहिल्यांदा कार्ड पाहून म्हणाली होती, सीपाशी रेघ आहे, म्हणजे सी झाला. मधुवंतीनं ते फराळाला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं : तो सी कंट्रोलचा, कार्ड ठीक असल्याचा, आणि आत्या म्हणते माझ्या आजाराचा! सगळे हसले. आत्याही हसली. मग ती लाडू वाढायला उठली, आणि बराच वेळ स्वयंपाकघरातच होती. हे इतके दिवस मला आठवलं कसं नाही?

देवासबद्दलही तिला बसचा त्रास तेवढा माहीत होता. तिथल्या यंत्राशेजारच्या खिडकीतून देवीची टेकरी दिसते, असं आत्या एकदा म्हणाली होती. आणि एकदा सांगितलं होतं की शेजारच्या पेशंटची सून तिची जुनी विद्यार्थिनी निघाली. ती पाया पडायला वाकली, तेवढ्यात नर्स म्हणाली की सीवाली माताजी इधर, तशी ती पोरगी अर्ध्यावर थांबली. आत्यानं हे गमतीसारखं सांगितलं होतं. मधुवंतीनं तेव्हा विचारलं होतं, वजन किती भरलं?

परतीच्या बसमध्ये तिनं उत्तर तयार करायला घेतलं. प्रतिपिंड हा शब्द तिला मराठीत येत होता पण तो आत्याच्या कामाचा नव्हता. रक्त आठवण ठेवतं... छान होतं ते, पण पुन्हा सोपंच केलेलं. तिनं सोडून दिलं.

घरी आत्या मोरीपाशी उभी होती, दोनदा उकळलेल्या दुधीचं पाणी ओतून टाकत होती. भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं, ते पाणी टाकायचं, हे तिला मधुवंतीनंच शिकवलेलं. ती ते शेवटच्या थेंबापर्यंत निथळत होती. मधुवंती दारात थांबून बघत राहिली.

"काय लिहिलं होतं?" आत्यानं मागं न बघता विचारलं.

मधुवंती जवळ गेली, तिच्या बऱ्या कानाच्या बाजूला. "मी आधी चुकीचं वाचलं. हिंदीतलं वाचलं. मला वाटलं, तू म्हणतेस प्रयत्न पुरे."

आत्या वळली. पातेलं हातात तसंच. बराच वेळ तिनं मधुवंतीचा चेहरा पाहिला, सकाळी पाहिला होता तसाच.

"तरी मी दादाला म्हणत होते, हिला मराठी शाळेत घाल," ती शेवटी म्हणाली. मग पातेलं खाली ठेवलं. "आता सांग. गेलाय की नाही तो? हसू नकोस, आणि सोपं करून सांगू नकोस."

"सापडत नाही."

"सापडत नाही म्हणजे नाही, असं होत नाही."

"नाही होत. पण इतक्या आठवड्यांनी सापडला नाही, तर सहसा पुन्हा सापडत नाही. आम्ही त्यालाच बरं झालं म्हणतो."

"आणि ती रेघ?"

"ती तो येऊन गेल्याची. बहुतेक जन्मभर येईल."

"सोमवारी डॉक्टर ऐकेल?"

"माहीत नाही."

आत्यानं मान हलवली, वर्गात अर्धवट पण खरं उत्तर देणाऱ्या मुलीकडे बघून हलवावी तशी. "हे आधी का नाही सांगितलंस?"

उत्तरं पुष्कळ होती. मधुवंतीनं त्यातलं खरं शोधलं.

"तुला कळणार नाही असं वाटलं."

आत्यानं विळी ओढली आणि कोथिंबीर निवडायला घेतली, अर्धी जुडी मधुवंतीपुढे सरकवली. उद्या पाचची बस. जाशील ना — हा प्रश्न मधुवंतीनं पीथमपूरपासून तोंडात धरून आणला होता, दहा तऱ्हांनी घोळवला होता, आणि आता तो विचारावासा वाटेना. भीती होतीच, दुपारइतकीच. फक्त दुपारी ती भीती तिची एकटीची होती आणि पुढे काय होणार ते तिला सगळं पाठ होतं. इथं आत्या काय ठरवेल ते तिला खरोखरच माहीत नव्हतं. ती काड्या वेगळ्या करत राहिली, आणि आत्याला विचार करायला जेवढा वेळ लागत होता तेवढा लागू दिला.