मुक्ताबाईंची जागा

बावडा गावाच्या वेबसाइटवर आठवणींचं पान मीच केलंय, त्यामुळे बोलणी खायलाही मीच. रामहरी तात्या बावड्याहून एसटीनं थेट जळोचीला माझ्या दुकानात आले आणि मोबाईल टेबलावर आपटला.

"शबीना, माझ्या ओळी कुठं गेल्या?"

उन्हाळ्यात वारलेल्या बायकोला, मुक्ताबाईंना, त्यांनी त्या पानावर लिहिलं होतं. मी वाचलं. एकही शब्द गेला नव्हता.

"सगळं हाय की, तात्या."

"न्हाय! मी मधी जागा सोडली व्हती. तू सगळं एकाला एक चिकटवलंस. पोरं हसत्यात, म्हातारा एकटाच बडबडतोय म्हणून."

मला वैतागच आला. रिकाम्या ओळी सोडायला माणूस एंटर कितीही दाबू दे, ब्राउझर त्याला जुमानत नाही. वेगळं सांगावं लागतं. मी कोडमध्ये तेवढं सांगितलं आणि पान पुन्हा उघडलं.

मजकूर लांबच लांब झाला. 'चहा झाला का?' त्याखाली एक रिकामी ओळ. 'गुडघा दुखतोय का अजून?' त्याखाली तीन. 'मोटर जळली. मी चालू ठिवून झोपलो.' त्याखाली मात्र अख्खा स्क्रीन कोरा.

"एवढी जागा कशाला, तात्या?"

त्यांनी चष्मा नीट केला. कोऱ्या भागावर बोट ठेवून ते सावकाश खाली नेलं.

"चिडली की लवकर थांबत न्हाय ती," ते म्हणाले. "आन् मधी बोललेलं तिला चालत न्हाय."