धाकटीचा बाण

कॉम्प्युटरची डिस्क गच्च भरली तेव्हा दुकानात गेले मी. दुकानदाराशी घासाघीस केली मी, जुनी डिस्क बाहेरून जोडायची डबी आठवणीनं मागून घेतली मी, आणि टेबलाखाली गुडघ्यांवर बसून, धुळीनं शिंका देत नवी डिस्क बसवली तीही मीच. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर बाबा म्हणाले, "धाकटीनं बरोबर सांगितलं होतं. डिस्कच बदलायला हवी होती."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. धाकटी म्हणजे माझी बहीण. ती लांब नोकरीला असते आणि तिथून सल्ले देते. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण ज्यानं कुणी केली त्याला धाकटी बहीण असणार.

डिस्क कशानं भरली ते मला ठाऊक होतं. धाकटीचा प्रत्येक व्हिडिओ कॉल बाबा रेकॉर्ड करायचे. बाबांनी जन्मभर रेडिओ दुरुस्त केले. नुसत्या खरखरीवरून बिघाड ओळखणारा माणूस. आता त्यांना कमी ऐकू येतं, आणि ते धाकटीला कळलेलं त्यांना अजिबात चालणार नाही. म्हणून कॉलवर तिच्या ओठांकडे बघत ते "हो, हो" म्हणत राहतात. कॉल संपला की हेडफोन लावतात, आवाज पूर्ण वाढवतात आणि तेच बोलणं पुन्हा ऐकतात. तेव्हा कुठे योग्य जागी हसतात. एकदा तर रिकाम्या खोलीत तिच्या प्रश्नाला उत्तरही देऊन झालं.

तिचं बोलणं दोनदा ऐकायचं. माझं एकदा कानावर पडलं तरी म्हणायचं, काय कटकट आहे. त्यांना ऐकू जावं म्हणून मी ओरडून बोलते, त्याची ही कटकट. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

डबीत घालून जोडलेल्या जुन्या डिस्कवरच्या फायली नवीवर घ्यायचं काम धाकटी तिकडूनच करणार होती. मी फोन स्पीकरवर ठेवला, तिला आमच्या कॉम्प्युटरचा ताबा दिला आणि पडद्यावरचा माउसचा बाण आपोआप फिरायला लागला. बाबा खुर्ची ओढून बसले. "आली बघ," मला म्हणाले, आणि त्या बाणाला विचारलं, जेवलीस का. मी सकाळपासून चहावर होते. मला कुणी विचारलं नव्हतं.

बाणानं भराभर फायली उचलल्या. बँकेचे कागद गेले, औषधांच्या चिठ्ठ्या गेल्या, रेडिओंच्या सर्किटचे जुने नकाशे गेले. मग तो एका फोल्डरवर थांबला.

"बाबा, हे सगळे आपले कॉल आहेत का?" धाकटी म्हणाली. "यांनीच डिस्क खाल्लीये. हे नवीवर घेत नाही, आणि जुनी डिस्क पुसून टाकते. चालेल ना?"

फोनवर तिचा नुसता आवाज होता, चेहरा नव्हता. बाबा बाणाकडे बघून हसले. "हो, हो."

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. ज्या लाडकीसाठी एवढा खटाटोप, तीच आपल्या हातानं सगळं पुसणार होती, आणि माझ्यावर बोट दाखवायला कुणाला जागाही राहणार नव्हती. पडद्यावर शेवटचा प्रश्न आला, सगळं नक्की पुसायचं का. बाबा त्या बाणाकडे अजून हसूनच बघत होते. मला ते बघवेना.

"थांब गं," मी म्हणाले. "त्यांना ऐकू आलेलं नाही."

धाकटी हसली. बाबांना मुंगी चाललेली ऐकू येते, म्हणाली.

माझं वाक्य मात्र बाबांना नेमकं ऐकू आलं होतं. त्यांची मान लाल झाली. "मला सगळं ऐकू येतं," ते फोनकडे वळून म्हणाले. "तू म्हणालीस तसं कर."

बाण निघाला. मी डबीची वायर उपटली.

पडद्यावर काहीतरी चुकल्याची पाटी आली. मी फोनचा माइक बंद केला आणि बाबांच्या कानाशी वाकून सांगितलं, की ती तुमचे कॉल पुसत होती, सगळेच्या सगळे. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी ती डबी उचलून पोटाशी धरली.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले.

एवढंच. शाबास नाही, काही नाही.

मी माइक सुरू केला. वायर तू काढलीस का, धाकटीनं विचारलं. हो म्हटलं. का काढलीस, तिनं विचारलं. मी बाबांकडे बघितलं.

"बाबांचं एक काम मी केलेलंही तुला बघवत नाही," ती म्हणाली. "वर त्यांना बहिरं ठरवायला निघालीस. किती जळतेस गं ताई माझ्यावर?"

बाबा डबी घट्ट धरून, मी काय सांगते याची वाट बघत होते.

"खूप जळते," मी म्हणाले. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.