नादुरुस्तीचा दाखला

येडबा देवकते गंगाखेडच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर होता. काचेची भांडी धुवायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, तास झाला की टेबल पुसायचं. बाप सटवाजी पेडगावात मेंढ्या राखायचा. पोरगं मॅट्रिक होऊन शाळेत चिकटलं याचंच त्याला अप्रूप होतं. मास्तर लोक येडबाचं नाव जरा लांबवून हाक मारायचे आणि हसायचे. त्याला सवय झाली होती.

पंच्याऐंशी साली सरकारनं शाळेला दोन कॉम्प्युटर पाठवले. जाड कीबोर्डाच्या पोटातच सगळं यंत्र, वर टीव्हीसारखा पडदा. गणिताचे सिताराम सर औरंगाबादला तीन आठवडे शिकून आले. दोन वर्षं पोरांना आठवड्यातून एकदा, चपला बाहेर काढून, आत नेलं. मग दुरुस्तीवाला इंजिनियर यायचा थांबला, ते मॉडेल बनणंही बंद झालं आणि खोलीला कुलूप लागलं. किल्ल्या दोनच. एक सिताराम सरांकडे, दुसरी झाडलोटीसाठी येडबाकडे.

एक्क्याण्णव साली विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाला तेव्हा चार दिवस एसट्या उभ्या होत्या आणि शाळा ओस. येडबा आवारातल्याच खोलीत राहायचा. कॉम्प्युटरच्या खोलीतून कुजका वास येतोय म्हणून त्यानं कुलूप काढलं. यंत्रावर टाकलेल्या मखमली कापडाखाली उंदीर मेला होता. घाण काढायला त्यानं यंत्राचं झाकण उघडलं आणि मग तिथंच बसून राहिला. आत सगळं कसं ओळीनं लावलेलं होतं. एका कोपऱ्यात मात्र बोराएवढा एक कंडेन्सर फुटून काळा पडला होता.

बंद उठल्यावर तो परभणीला गेला, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून तसलाच कंडेन्सर आणला आणि डाग देऊन बसवला. बटण दाबलं. यंत्रानं एक जाड, एक बारीक अशी दोनदा शीळ घातली आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. येडबा उठून उभा राहिला, साहेब आत आल्यावर उठावं तसा.

दुसऱ्या कॉम्प्युटरचे भाग काढून त्यानं पहिला पुरता नीट केला. यंत्रासोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. बाटल्यांवरच्या नावांपलीकडं त्याला इंग्रजी येत नव्हतं. शाळेची डिक्शनरी घेऊन तो रोज अर्धं पान लावायचा. लिहिलेलं काम कॅसेटवर साठवता येतं हे कळल्यावर घरातला टेपरेकॉर्डर त्यानं खोलीत आणला. बायको भागुबाईच्या भावाच्या लग्नातली कॅसेट त्यात पुसली गेली. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एवढं काय हाय त्या डब्यात, मला बी दाखवा."

परभणीच्या दुकानदाराकडून त्याला चुडाव्याच्या मुंजाजींचा पत्ता मिळाला. मुंजाजी स्टेशनावर तारबाबू होते, आता रिटायर. लिलावात भंगारात निघालेला अगदी असलाच कॉम्प्युटर त्यांनी घेऊन चालवला होता. येडबानं पत्र टाकलं, आठव्या दिवशी उत्तरासोबत एक कॅसेट आली. "आपल्यासारखे मराठवाड्यात आणखी तिघं हायत," मुंजाजींनी लिहिलं होतं. "पाच झालो. मशीन मरू द्यायची न्हाई."

मग येडबानं पडद्यावर मराठी आणायचं मनावर घेतलं. चौकटीच्या वहीत आडवी आठ, उभी आठ घरं पाडून तो एकेक अक्षर काळं करायचा. 'क्ष' आठ घरांत मावेना, त्याला दोन चौकटी दिल्या. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण बोलताना मागून येते, यानं त्याचा महिना खाल्ला. ती युक्ती शेवटी मुंजाजींनी सुचवली. ब्याण्णवच्या दिवाळीत पडद्यावर 'भागुबाई' उमटलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठलं अक्षर कुठलं ते तिनं बोट ठेवून विचारून घेतलं.

पुढं मधल्या सुट्टीत पोरी दाराशी रांग लावू लागल्या. जिचं तिचं नाव पडद्यावर यायचं. सिताराम सरही यायचे. "येडबा, तू तर आमाला मागं टाकलंस," असं त्यांनी चारचौघांत म्हटलं तेव्हा येडबाला रात्री जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात हेडमास्तर बन्सीधरराव यांनी त्याला बोलावलं. सिताराम सर आधीच बसलेले होते.

"आपल्या शाळेला सहा नवे कॉम्प्युटर मंजूर व्हायलेत," बन्सीधरराव म्हणाले. "पण जुने नादुरुस्त असल्याचा दाखला लागतो. पुढल्या गुरुवारी समिती येणार हाय. सिताराम सरांनी अहवाल लिहिलाय, सांभाळणारा म्हणून तुझी सही पायजे."

"सर, एक तर चालू हाय की."

"ते मला ठाऊक हाय. चालू हाय म्हणलं तर नवे मिळत न्हाईत. एका खेळण्यापायी सहा घालवायचे का?"

"त्याच्यात मराठी येतंय, सर. नव्यात येईल का?"

बन्सीधररावांनी सिताराम सरांकडं पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

"आणि ऐक," हेडमास्तर म्हणाले, "प्रयोगशाळेला परिचराचं पद ठिवायचं का न्हाई, ह्याचा बी प्रस्ताव माझ्याच टेबलावर हाय."

येडबानं मुंजाजींना लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं: समितीपुढं चालवून दाखव, डोळ्यांनी बघितल्यावर कोण न्हाई म्हणतंय.

बुधवारी रात्री भागुबाईनं विचारलं, "काय ठरवलं?"

"दाखवणार."

तिनं चुलीतला विस्तव झाकला. मग म्हणाली, "दाखवा. गेली नौकरी तर पेडगावला मेंढरं हायतच."

गुरुवारी समितीचे साहेब जीपमधून उतरले. खोलीत चार माणसं उभी. येडबानं कापड काढलं आणि म्हणाला, "साहेब, एक मशीन चालू हाय. दाखवतो." बन्सीधररावांचा चेहरा उतरला. सिताराम सरांचा नाही.

येडबानं बटण दाबलं. शीळ नाही, पडदाही काळाच. पुन्हा दाबलं. मग खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरनं त्यानं झाकण उघडलं. आतल्या पाच-सहा वायरी पक्कडीनं सरळ तोडल्या होत्या. उंदरानं कुरतडल्या असत्या तर टोकं विस्कटलेली दिसली असती.

तो सिताराम सरांकडं वळला. सरांनी रुमालानं मान पुसली.

"साहेब, धा मिनटं द्या," येडबा म्हणाला. "डाग देतो, लगेच चालू व्हतंय. माझी डाग द्यायची इस्तरी हितंच हाय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आज अजून तीन शाळा करायच्या आहेत. आत्ता या क्षणी बंद आहे ना?"

"हाय, पण..."

"मग झालं की."

बन्सीधररावांनी कागद आणि पेन पुढं सरकवलं. येडबा वाचत राहिला. 'सदर यंत्रे पूर्णतः नादुरुस्त अवस्थेत आढळली.' त्यात एक शब्दही खोटा नव्हता. त्यानं सही केली.

शिक्षण खात्याच्या नव्या नियमानुसार भंगारात टाकायच्या आधी यंत्रं फोडायची होती. ते काम शिपायानं घणानं केलं. येडबाला तुकडे पोत्यात भरायला सांगितलं, ते त्यानं भरले.

पुढच्या रविवारी तो चुडाव्याला गेला. मुंजाजी अंगणात बाजेवर बसले होते. त्यानं सगळं सांगितलं, तोडलेल्या वायरींसकट.

"सही तूच केलीस न्हवं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काका, माझ्या हातात काय होतं?"

"न्हाई म्हणायचं होतं. धा मिनटं दिली न्हाईत तर न्हाई म्हणायचं. नौकरी गेली असती. माझी बी गेली होती एकदा, संपात. आठ म्हैने घरी होतो." मुंजाजी उठले, आतून येडबानं वेळोवेळी पाठवलेल्या कॅसेटींचा गठ्ठा आणून बाजेवर ठेवला. "घेऊन जा. तुझ्या हातचं आता माझ्या मशीनवर चढवायचं न्हाई मला."

"मराठी तुमची बी हाय त्यात, काका. वेलांटी तुमची हाय."

"घेऊन जा म्हणलं ना."

मुंजाजींच्या म्हातारीनं चहा आणला होता. तो तसाच निवला.

नवे सहा कॉम्प्युटर जानेवारीत आले. चालवायचं काम सिताराम सरांकडं. येडबानं फक्त बाहेरून पुसायचे. पहिल्याच आठवड्यात आठवीतल्या एका पोरीनं सरांना आपलं नाव मराठीत काढून मागितलं. सर म्हणाले, "कॉम्प्युटरवर मराठी येत नसतं, बाळ." येडबा तेव्हा मागं उभा राहून खिडकीच्या काचा पुसत होता. पोरीनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि पुढची काच घेतली.