बियांवरचा हक्क

ओहाक्वेने पाठवलेला बकरा माहेरवाशिणींनी चवीने खाल्ला, हाडं चोखली आणि पुन्हा अंगणातल्या चटयांवर बसकण मारली.

आत झोपडीत म्बाफोची आई, न्वान्येके, काल वारल्यापासून निजवलेली होती. कुळाच्या लेकी चटईवरून उठत नाहीत तोवर कबरीसाठी कुदळ जमिनीला लागत नाही, अशी रीत. गोऱ्यांनी म्बाफोच्या काकाला, ओहाक्वेला, मुखिया केलं, लाल टोपी दिली. पण लेकींना उठवायची ताकद काही टोपीसोबत आली नव्हती.

तेलताडाच्या घडांचं तेल पुरुषांचं आणि बी फोडून निघणारा गर बायकांचा, हे ओहाक्वेलाही दूध पीत होता तेव्हापासून ठाऊक होतं. तरी दोन हंगाम तो भावकीचे सगळे घड अख्खेच गोऱ्याच्या गिरणीला घालत होता. न्वान्येके त्याच्या दारात जाऊन भांडली होती. "गिरणीचे साहेब बायकांशी बोलत नाहीत," एवढं ऐकून परत आली होती.

"आता काय कमी पडलं?" टोपी सावरत ओहाक्वेने विचारलं.

"मीठ," लेकींमधली थोरली ओयिरी म्हणाली. "बकरा अळणी होता रे, बाळा. मीठ आम्ही बिया विकून आणायचो."

चटया हसल्या.

"शेती पुरुषांची असते, असं साहेब म्हणतात."

"मग खड्डाही साहेबालाच खणू दे. पुरुषच आहे ना तो?"

"का गं, कंद कोण लावतं ते त्याला कुणी सांगितलं नाही?" मागून कुणी तरी विचारलं.

"कोण सांगणार? हा तर तिथं मान डोलवायला जातो."

ओहाक्वेने त्यांचा नाद सोडला आणि म्बाफोकडे वळला. आवाजात मध आला.

"पोरी, ऊन बघ. आईची काय दशा होईल? तू म्हणालीस तर ह्या उठतील."

ते खरं होतं. सगळ्यांनी नजरा खाली वळवल्या. ओयिरीनेही तिच्याकडे पाहिलं नाही.

म्बाफो उठून आत गेली. माश्या हाकलल्या. आईच्या गालांवर चोपडलेला लाल लेप भेगाळला होता, आणि त्याखालचा चेहरा आता आईचा राहिला नव्हता.  म्बाफो बाहेर आली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता.

"काका, वास सुटलाय. संध्याकाळी अंगणात येईल. उद्या तुमच्या ओसरीवर. उद्याच साहेब जेवायला येणार आहेत ना तुमच्याकडे?"

आणि ती चटईवर जाऊन बसली.

ओहाक्वे तिच्याकडे बघतच राहिला. स्वतःच्या आईबद्दल कुणी असं बोलतं? मग त्याने झोपडीकडे पाहिलं, नाकाला हात नेला, आणि वाटेवर घड घेऊन गिरणीकडे निघालेल्या माणसांना हाक मारली.

"उतरवा. इथंच उतरवा."

"का ते सांग," ओयिरी म्हणाली. "मोठ्यानं. बाजारात ओरडतोस तसं."

"तेल आमचं," तो पुटपुटला. मग ओरडला, "बी बायकांची! या हंगामापासून!"

"आणि साहेबाला काय सांगशील?"

"सांगेन काही तरी."

"सांग, घाबरलास म्हणून."

बायका उठल्या, त्याच्या टोपीवर गाणं रचत कंबर हलवू लागल्या. परसात कुदळ पडली. म्बाफो तेवढी बसून होती. ओयिरीने तिला हात दिला.

"ऊठ गं."

"मी तिला असं ठेवलं, आत्या."

"ठेवलंस," ओयिरी म्हणाली. हात तिने मागे घेतला नाही.

म्बाफोने पाण्याचं मडकं मागून घेतलं. दोघीतिघी आईला अंघोळ घालायला पुढे झाल्या, त्यांना तिने बाहेरच थांबवलं, आणि आत जाऊन दार ओढून घेतलं.