बारीक आवाजाच्या काकूंचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. हातात धरून बोलायचा, बॅटरीवर चालणारा. दचकू नका मित्रांनो, आज मी हळूच बोलणार आहे. माझी एक कड चेपली आहे, मुठीवरचं रबर केव्हाच निघून गेलं आहे आणि जरा जोर लावला की पोटात खरखर होते. पण तोंडाचा पट्टा अजून शाबूत आहे, तेव्हा बसा आणि ऐका.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. शेवटचा स्क्रू पिळणाऱ्या मुलीने मला तोंडाशी धरलं आणि तपासणी म्हणून पलीकडच्या मैत्रिणीला विचारलं, "जेवण झालं का गं?" सगळा कारखाना हसला. आयुष्यात मी पहिल्यांदा बोललो ते हे. जगाला जेवणाचं विचारायलाच आपण जन्मलो, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

पण नशिबात होते खेळाचे मास्तर. सकाळ झाली की मैदानावर त्यांचं सुरू, "रांगेत उभे राहा! मान सरळ! तू, तूच रे, इकडे तिकडे काय बघतोस!" माझ्यातून त्यांनी कधी कुणाला शाबासकी दिली नाही. ते निवृत्त झाले आणि मी हवा गेलेल्या चेंडूंबरोबर कपाटात पडलो. तिथून जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. काय सांगू मित्रांनो, ज्याचं काम ओरडायचं, त्याने गप्प पडून राहणं म्हणजे शिक्षाच.

त्या दुकानातून मला काकूंनी उचललं.

काकू कपडे शिवायच्या. आमच्या वस्तीच्या अगदी वरच्या टोकाला त्यांचं शिवणाचं दुकान होतं. लोकांनी आग्रह करून त्यांना निवडणुकीला उभं केलं आणि त्या नगरसेविका झाल्या. सगळं खरं, पण आवाज एवढासा. त्यांच्या सासूबाई खदखदून हसत सांगायच्या, "हिने हाक मारली ना, तर उंबऱ्यातलं मांजरसुद्धा कान हलवत नाही. ही काय महापालिका हलवणार!" काकूंना राग यायचा नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "खरं आहे सासूबाई," आणि जाऊन मला घेऊन आल्या. पहिल्यांदा माझ्यातून स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा त्या इतक्या घाबरल्या, की मला खालीच टाकणार होत्या. माझी कड चेपली ती तेव्हा नाही हं. तो मास्तरांचा प्रसाद.

मग दर रविवारी सकाळी आमची फेरी सुरू झाली. आदल्या संध्याकाळी सासूबाई मला चार्जिंगला लावायच्या आणि सकाळी काकू मला घेऊन दुकानापासून उताराने खाली निघायच्या, गल्लीमागून गल्ली, पार तळाच्या शेवटच्या घरापर्यंत. आठवड्यात वस्तीचं काय काम झालं, ते सगळ्यांना सांगायचं. पण त्यांची एक पद्धत होती. सुरुवात नेहमी एकाच वाक्याने व्हायची, "आधी न झालेलं सांगते." बसथांब्याचं छप्पर झालं नाही. वळणावरचा दिवा लागला नाही, दोनदा जाऊन आले, पुन्हा जाणार आहे. मग झालेली कामं, मग पाण्याची वेळ. दात घासता घासता लोक गॅलरीत येऊन उभे राहायचे. मी पुष्कळ माणसांच्या हातात राहिलो आहे, पण आपलं उणं आधी सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. अभिमानाने माझी छाती फुगायची. माझा आकारच तसा, ती गोष्ट वेगळी.

सांगून झालं की काकू मला पुढे करायच्या, "घ्या, आता तुम्ही बोला." ज्याची तक्रार असेल त्याने ती सगळ्यांसमोर, माझ्यातून सांगायची. पहिला नंबर कायम पोस्टमास्तरांचा. सेवानिवृत्त माणूस, कडक इस्त्रीचा सदरा, आणि तक्रारींचा साठा कधी संपायचा नाही. कचरा, कुत्री, शेजाऱ्याचा रेडिओ, काकूंना यायला झालेला उशीर. त्यांच्या मते जगात चुका करणारे सगळे आणि दाखवणारे ते एकटेच. काकू मान डोलावत सगळं ऐकून घ्यायच्या.

एका वर्षी नळाच्या पाण्याला गटाराचा वास येऊ लागला. काकूंनी इंजिनिअरला आणून रस्ता खणायला लावला, पाइप बदलून घेतले आणि तोपर्यंत पाणी उकळूनच प्या, असं दर रविवारी बजावलं. पुढे तपासणीत पाणी चांगलं आलं. इंजिनिअर म्हणाले, आता काही काळजी नाही. त्या रविवारी काकूंचा आवाज आनंदाने वर गेला होता, "पाणी स्वच्छ झालं! आता उकळायची गरज नाही!"

तळाच्या शेवटच्या घरात एक बाळंतीण राहायची. अंगावरचं दूध पुरत नव्हतं म्हणून ती बाळाला डब्याचं दूध पाण्यात कालवून द्यायची. तिने दारातूनच विचारलं, "काकू, बाळाच्या दुधालाही चालेल ना?" काकूंनी मला खाली केलं आणि स्वतःच्या आवाजात सांगितलं, "चालेल गं. निर्धास्त वापर."

गुरुवारी दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई धावतपळत दुकानात आल्या. खालच्या गल्लीतली दोन माणसं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली होती. त्यांनी स्वतः खालच्या नळाचं पाणी तपासायला पाठवलं होतं आणि ते घाण निघालं. इंजिनिअरने नमुना घेतला होता तो वरच्या मोठ्या रस्त्यावरच्या नळाचा. खालचा नळ कुणी तपासलाच नव्हता, आणि तो तपासला का, हे काकूंनी विचारलं नव्हतं.

काकूंच्या हातातली कात्री तशीच राहिली. त्यांना एकच दिसत होतं, शेवटचं घर. त्यांनी फोन लावला, पण बाळ झोपलं की ती फोन बंद ठेवायची.

काकूंच्या पक्षाचा एक कार्यकर्ता तिथेच बसला होता. तो म्हणाला, "काकू, पाणी उकळून प्या एवढंच सांगा. चूकबीक कशाला काढता? निवडणूक तोंडावर आलीय."

"अरे, उकळू नका हे मीच सांगितलं ना?" काकू म्हणाल्या. "आता नुसतं उकळा म्हटलं, तर लोकांनी कुणाचं ऐकायचं? रविवारच्या माझं, की आजच्या माझं?"

त्यांनी मला खुंटीवरून ओढलं आणि त्या निघाल्या. गुडघ्याचं दुखणं होतं, पळता येत नव्हतं. वाटेतली प्रत्येक गल्ली तेच पाणी पीत होती, ती ओलांडून पुढे जाणंही जमेना. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून त्या माझ्यातून म्हणाल्या, "माझी चूक झाली. मी सांगितलं पाणी चांगलं आहे, ते चांगलं नाही. उकळल्याशिवाय पिऊ नका, बाळांना देऊ नका!"

खिडक्या उघडल्या. गुरुवारी भोंगा म्हणजे काहीतरी अघटित, हे लोकांना कळलं. पण मित्रांनो, गुरुवार म्हणजे माझं पोट रिकामं. दुसऱ्या गल्लीत "माझी चूक" एवढं म्हणालो आणि माझा आवाज बसला. काकूंनी बटण दाबलं, मला थोपटलं, हलवलं. मी खर्र केलं आणि गप्प झालो. मला रडता आलं असतं तर मी तिथेच रडलो असतो.

काकू तशाच ओरडू लागल्या. पण तो आवाज! समोरच्या दाराशीसुद्धा पोचेना. रस्त्याकडेला भाजीवाली बसली होती. ती कानाशी हात नेऊन म्हणाली, "काय म्हणता काकू? नीट सांगा, शब्दन् शब्द सांगा."

काकूंनी सांगितलं. भाजीवाली उठली, पदर खोचला, आणि जन्मभर भाजी विकून कमावलेला आवाज तिने मोकळा सोडला, "माझी चूक झाली! मी सांगितलं पाणी चांगलं आहे, ते चांगलं नाही! उकळल्याशिवाय पिऊ नका, बाळांना देऊ नका!"

ऐकलं तसंच्या तसं तिने सांगितलं. तिची चूक कसली? पण निरोपात एका शब्दाचा फरक नको, म्हणून तीच कबुली देऊन मोकळी झाली. पलीकडच्या जिन्यावरून बसचा ड्रायव्हर ओरडला, "माझी चूक झाली!" छतावर कपडे वाळत घालणारी बाई ओरडली, "माझी चूक झाली!" आणि मग कोपऱ्यावरच्या गॅलरीत पोस्टमास्तर आले. जन्मात ज्यांच्या तोंडून हे शब्द निघाले नव्हते, त्यांनी दोन्ही हातांचा कर्णा केला आणि शिरा ताणून ओरडले, "माझी चूक झाली! पाणी चांगलं नाही! बाळांना देऊ नका!"

अख्खी वस्ती चुकीची कबुली देत होती. मी काकूंच्या खांद्याला मुका लटकलो होतो आणि आवाज आमच्या पुढे उतारावरून धावत होता. एवढं सुंदर मी स्वतःसुद्धा कधी बोललो नव्हतो.

काकू धापा टाकत शेवटच्या घरी पोचल्या तेव्हा बाळंतीण दारात उभी होती. हातातली बाटली उपडी होती आणि पायरीवरून पांढरं पाणी ओघळत होतं. "ओतून टाकलं काकू. भीतीने कालपर्यंत उकळूनच देत होते, आज पहिल्यांदाच तसंच कालवलं. तोंडाला लावणारच होते," ती म्हणाली. "पण पोस्टमास्तरकाकांनी काय केलं हो? ते का ओरडत होते माझी चूक म्हणून?"

काकू पायरीवर बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या.

पुढच्या रविवारी माझं पोट गच्च भरलेलं होतं. काकूंनी आधी न झालेलं सांगितलं. आजारी माणसं बरी होत आहेत, पण घाण नळात कुठून शिरते ते अजून सापडलेलं नाही. इंजिनिअरचा संशय असा, की कुणीतरी नळाला थेट मोटर लावून पाणी ओढत असावं. त्या ओढीने, बदलायचा राहून गेलेल्या एखाद्या फुटक्या पाइपातून गटाराचं पाणी आत खेचलं जातं.

मग त्यांनी मला पुढे केलं. पहिला नंबर पोस्टमास्तरांचा. कानात बोटं घालायच्या तयारीने लोक उभे होते. पण त्यांच्या हाताला घाम आला होता, मला तो लागत होता.

"गुरुवारी मी काकूंचं वाक्य ओरडलो," ते म्हणाले. "ओरडून घरात गेलो आणि मोटरचं बटण समोर दिसलं. ते वाक्य माझंच होतं. मोटर मी लावलीय. दोन वर्षं झाली."

मग ड्रायव्हर पुढे आला, "द्या जरा इकडे. मीही लावलीय." त्याच्यामागून कपडे वाळत घालणारी बाई आली. त्या दिवशी तक्रारीसाठी कुणी मला मागितलंच नाही. दुपारपर्यंत घराघरांतून मोटरी सुटून बाहेर आल्या, पुढे पाइप कुठे फुटला होता तेही सापडलं, तो बदलला, आणि आमचं पाणी स्वच्छ झालं. या वेळी खालच्या नळाशी नमुना घेताना काकू स्वतः उभ्या होत्या.

विरोधकांनी त्या गुरुवारचं पुष्कळ भांडवल केलं. "स्वतःच कबूल करतात!" असं ते सभांतून सांगत फिरले. काकू निवडून आल्या, पण अगदी थोडक्यात. हल्ली त्या वस्तीच्या बातम्या फोनवर लिहून पाठवतात. अजूनही आधी न झालेलं लिहितात. मी दुकानात खुंटीवर असतो आणि मशीनची टकटक ऐकतो. सासूबाई अधूनमधून माझी धूळ पुसतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. जपा, मला आनंदच आहे. पण मला मागायचं आहे ते दुसरंच. कुणी पुढे येऊन "माझी चूक झाली" म्हणालं, तर त्याला हसू नका आणि झोडपूही नका. तुम्ही झोडपलंत, तर पुढच्या वेळी ते माणूस गप्प बसेल, आणि खाली कुणाच्या तरी घरात बाळाची बाटली भरलेली असेल.