एका दिवसाचं तिकीट

नेव्हिल क्राउचरच्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यांशेजारी, एक हिरवी फाइल उभी असे. गाडी घेऊन फ्रान्सला जायचं तर कुठल्या वारी, कुठल्या बोटीनं आणि किती आठवडे आधी तिकीट काढावं, हे सगळं त्या फाइलीत होतं. इंग्लंडमधल्या सिटिंगबोर्नच्या त्या गल्लीत कुणालाही डोव्हरहून समुद्रापलीकडे कॅलेला जायचं असलं की तो आधी नेव्हिलकडे यायचा. कागद गिरणीतून निवृत्त झालेला हा माणूस मग चष्मा पुसत फाइल उघडायचा. त्याच्या चेहऱ्यावर गिरणीत चाळीस वर्षांत कधी दिसलं नाही असं तेज यायचं.

मंगळवार-बुधवारची दुपार स्वस्त. शाळांना सुट्टी असेल त्या आठवड्यात डोव्हरचं तोंडही बघू नये. समुद्राखालच्या बोगद्यातली गाडी म्हणजे उतावळ्या श्रीमंतांचं काम. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे एका दिवसाचं तिकीट. सकाळी जाऊन संध्याकाळी परत आलात तर गाडीसकट तेवीस पौंड, मुक्काम केलात तर त्याच्या चौपट. दिवसाचं तिकीट काढून कुणी तिकडेच राहिला, तर वरचा फरक बोटवाले परस्पर त्याच्या कार्डावरून कापून घ्यायचे. नेव्हिलच्या बाबतीत असं एकदाही झालं नव्हतं आणि हे तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचा.

त्याची बायको थेल्मा या सगळ्यात सामील होती, हे लपवण्यात अर्थ नाही. केस कापायला गेली की तीही ऐटीत म्हणायची, "आमच्याकडे वाईनची बाटली दीड पौंडाला पडते हो." डबा ती भरायची, थर्मास ती भरायची. बोटीवर चहा विकत घेणाऱ्या लोकांकडे दोघं मिळून कीव करत बघायची.

थेल्माची थोरली बहीण विनी फ्रान्समध्ये राहायची, कॅलेपासून तासाभरावर, मोंत्रई गावाबाहेर. बावीस वर्षांपूर्वी तिनं लुसिएन नावाच्या एका गवंड्याशी लग्न केलं होतं. त्या बावीस वर्षांत थेल्मा तिच्याकडे वर्षाला चार खेपा तरी गेली असेल, पण प्रत्येक खेपेला एका दिवसाच्या तिकिटावर. बोटीला दीड तास, फ्रान्सचं घड्याळ एक तास पुढे, मग गाडीनं एक तास. परतताना कॅलेच्या मोठ्या दुकानात बिअरचे खोके भरायचे, शेजाऱ्यांच्या याद्या घेऊन. या सगळ्यातून विनीच्या वाट्याला तीन तास उरायचे, त्यातही जेवण.

नव्या घरात राहायला गेल्या गेल्या विनीनं तळमजल्यावरच्या खोलीत एक रुंद पलंग घेऊन ठेवला होता. खास थेल्मासाठी. दर खेपेला त्यावर धुतलेली चादर घातलेली असायची आणि दर खेपेला विनी म्हणायची, "या वेळी राहा गं." तोवर नेव्हिल दारात उभा राहून मनगटावरचं घड्याळ बघत असायचा. त्यानं ते कधी फ्रान्सच्या वेळेला लावलं नाही. विनीची चादर न चुरगळता पुन्हा कपाटात जायची.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी लुसिएनचा फोन आला. विनीचा आजार सहा महिने चालूच होता. लुसिएनचं इंग्रजी बेतास बात होतं, त्यामुळे तो गोलगोल बोलत बसला नाही. "थेल्मा, तू ये. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. लवकर ये."

नेव्हिलनं फाइल उघडली, मग संगणक उघडला, आणि शिट्टी वाजवली.

"एकशे नव्वद पौंड! अगं, उद्यापासून शाळांना सुट्टी आहे. दरोडा आहे हा, दरोडा."

"लुसिएन लवकर म्हणाला."

"लवकर म्हणजे काय उद्याच का? सुट्टी संपली की मंगळवारी तेवीस. अकरा दिवसांचा तर प्रश्न आहे. विनी चिवट आहे, तुला माहीतच आहे."

एकशे नव्वद पौंड थेल्मालाही जास्त वाटले, हेच खरं. पुढे अनेक दिवस ती नेव्हिलवर आतल्या आत जळत राहिली, पण त्या शुक्रवारी आपण हुं की चूं केलं नाही, हे तिला कधी विसरता आलं नाही.

विनी चिवटच निघाली. अकरा दिवसांनी ते पोचले तेव्हा ती जिवंत होती. जिना चढणं जमेना म्हणून लुसिएननं तिला खालच्या खोलीत, त्याच रुंद पलंगावर आणून निजवलं होतं. त्या भल्या मोठ्या पलंगात ती एका कडेला इतकीशी दिसत होती.

"बघ," विनी म्हणाली, "शेवटी कुणीतरी झोपलं यावर. घेतला तुझ्यासाठी आणि मुहूर्त केला मी."

"गप गं. काहीतरी बोलतेस."

"गादी चांगली आहे हो. बावीस वर्षांत कुणी बसलंसुद्धा नाही, चांगली नसायला काय झालं?"

दोघी हसल्या. मग विनीला खोकला लागला आणि थेल्मानं तिला पाणी पाजलं. बाहेर नेव्हिल लुसिएनला म्हणत होता, "ती विश्रांती घेतेय तोवर मी गावातल्या दुकानात जाऊन येतो. आमच्या शेजारच्या टॅप्सेलनं बिअरची यादी दिलीय." गाडी गेल्याचा आवाज आला. लुसिएन दारात येऊन थेल्माकडे नुसता बघत उभा राहिला, आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेला.

दोन तास दोघी बोलत होत्या. आईच्या हातच्या खिमटासारख्या पुडिंगला नावं ठेवून झाली. लहानपणी एका अंथरुणात झोपताना विनी थेल्माच्या पोटऱ्यांना गार पाय लावायची, त्यावर पुन्हा एकदा भांडून झालं.

"आता पाय कायमचेच गार झालेत," विनी म्हणाली. मग थेल्माचा हात धरून म्हणाली, "थेल, आजची रात्र राहा. या बाजूला जागा आहे बघ. पाय नाही लावणार."

आजवर ती 'राहा गं' म्हणायची ते रीत म्हणून म्हणायची. या वेळी तिचा हात सुटेना.

नेव्हिल तोवर परतला होता. थेल्मा स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "मी राहतेय. तू गाडी घेऊन जा, म्हणजे तिकिटाचाही प्रश्न नाही."

"असं कसं नाही?" नेव्हिल म्हणाला. "तिकीट दोघांचं आहे. जाताना दोन आणि येताना एक दिसला, की त्यांना वाटतं काहीतरी भानगड आहे. सरळ सगळं भाडं लावतात."

"खात्री आहे तुला?"

"तीस वर्षं करतोय मी हे. फाइलीत आहे ते."

लुसिएन मध्येच म्हणाला, "किती पैसे? मी देतो."

"पैशाचा प्रश्न नाही रे," नेव्हिल दुखावल्यासारखा म्हणाला. "तत्त्वाचा आहे. उगाच कशाला त्यांच्या घशात घालायचे? पुढच्या आठवड्यात नीट तिकीट काढून आणतो की हिला. चार दिवस राहू दे."

बावीस वर्षांची सवय होती. थेल्मानं खुंटीवरचा कोट घेतला. फाइलीत आहे म्हटल्यावर ते खरंच असणार.

"पुढच्या आठवड्यात येते," तिनं विनीला सांगितलं. "मुक्कामाला. चार दिवस."

"कितीची बोट?" विनीनं विचारलं.

"सव्वासहाची."

"तुमच्या घड्याळानं की आमच्या?"

"तुमच्या."

"म्हणजे आणखी एक तास गेला," विनी म्हणाली आणि तिनं हात सोडला.

कॅलेच्या बंदरात पासपोर्ट तपासून झाले आणि गाडी बोटवाल्यांच्या खिडकीपाशी आली. मागे बाटल्या किणकिणत होत्या. खिडकीतल्या मुलीनं वाकून आत बघितलं.

"दोघंच ना?"

"दोघंच," नेव्हिल घाईनं म्हणाला. "जाताना दोघं, येताना दोघं. नियमाप्रमाणे."

मुलीला हसू आलं. "त्याचा काही नियम नाही हो. गाडीचं भाडं आहे, आत एक असो की नऊ. आम्ही मोजतो ते बोटीच्या यादीसाठी. बुडाली तर किती शोधायचे ते कळायला नको?"

थेल्मा पुढे झुकली. "समजा हे एकटेच परत आले असते तर?"

"तर मी एक लिहिलं असतं."

तिनं आरशाला अडकवायचं कार्ड दिलं आणि मागच्या गाडीला हात केला. थेल्माला उतरायचं होतं. तिनं दाराची कडी धरलीसुद्धा होती. पण दोन्ही बाजूंना जाळी, मागे गाड्यांची रांग, आणि पासपोर्टवाल्यांच्या पलीकडे परतायला वाट नव्हती. नेव्हिलचे कान लाल झाले होते.

"नियम बदललेला दिसतोय," तो म्हणाला.

बोटीवर थेल्मानं थर्मासातला चहा ओतला. मग म्हणाली, "तुला माहीत होतं."

नेव्हिलनं चहा फुंकला. खोटं बोलणं त्याला फार वेळ जमत नसे.

"तू राहिली असतीस, तर तुला आणायला मला परत यावंच लागलं असतं ना? आणखी तेवीस. शिवाय पेट्रोल."

थेल्मानं आपला पेला थर्मासवर उपडा ठेवला. पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. त्याला वाटलं, बहिणीच्या काळजीनं.

विनी गुरुवारी सकाळी गेली. लुसिएननं फोनवर वेळ सांगितली आणि थेल्मानं मनातल्या मनात त्यातून एक तास वजा केला. मग तिला स्वतःचीच किळस आली.

अंत्यविधी मंगळवारी होता. नेव्हिलनं आपणहून तिकीट काढलं, कुणी सांगायच्या आधी, आणि छापलेला कागद तिच्या ताटाशेजारी ठेवला. "पाच दिवसांचं काढलंय," तो म्हणाला. "एकशे बेचाळीस पडले. पडू देत." त्याचे डोळे ओले होते. माफी मागायची त्याची रीत ही होती आणि थेल्माला ती कळलीही. पण तिला तो कागद फाडून त्याच्या तोंडावर फेकावासा वाटला.

दफन करून सगळे घरी आले. चार शेजारणींनी सूप दिलं, पाव दिला, गालाला गाल लावले आणि गेल्या. थेल्मा खालच्या खोलीत गेली. पलंग नागडा होता. गादी वारा लागावा म्हणून खिडकीशी उभी करून ठेवली होती आणि उशाशी विनीचा पाण्याचा पेला तसाच होता. ती दारातूनच मागे फिरली. आपण पाच दिवस तर सोडाच, पाच मिनिटंसुद्धा इथं काढू शकणार नाही, असं तिला वाटलं.

बाहेर नेव्हिल गाडीतून बॅगा काढत होता.

"नेव्हिल," ती म्हणाली, "आज संध्याकाळची बोट मिळेल का? मला नाही राहवत इथं."

नेव्हिलनं हातातली बॅग खाली ठेवली. त्यानं तिच्याकडे खरोखर मायेनं बघितलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "मिळेल की. पण आधी बोलायचंस ना गं. एका दिवसाचंच काढलं असतं."

थेल्मानं त्याचा हात खांद्यावरून काढला. तिला रडू येईल असं वाटत होतं, पण आला तो संताप, स्वच्छ आणि थंड. तिनं जमिनीवरची स्वतःची बॅग उचलली.

"तू जा," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी राहतेय."

"अगं, आत्ता तर म्हणालीस... मग मी पण राहतो. पैसे भरलेतच."

"नको. तू जा. गाडीत एक असला तरी चालतं, तुला ठाऊक आहे."

"मग तू परत कशी येणार? गाडीशिवाय बोटीवर चालत येणाऱ्यांचं तिकीट केवढं पडतं, कल्पना तरी आहे का?"

खोलीत जाऊन तिनं खिडकीशी उभी केलेली गादी ओढली. ती जड होती. लुसिएन आला, दुसरं टोक त्यानं धरलं आणि दोघांनी ती पलंगावर घातली. कपाटाच्या वरच्या फळीवर निळ्या काठाची चादर होती, इस्त्री करून, घड्या घालून ठेवलेली. घड्या जुन्या होत्या. उलगडताना त्या जागच्या जागी कडक उभ्या राहिल्या आणि थेल्माला त्या तळहातानं दाबून दाबून बसवाव्या लागल्या.

अंगणात गाडी बराच वेळ उभी होती. मग सुरू झाली आणि फाटकातून बाहेर पडली.

"किती दिवस राहशील?" लुसिएननं विचारलं.

थेल्मा चादरीचा कोपरा खोचता खोचता थांबली. या घरात आजवर तिला फक्त 'कितीची बोट?' एवढंच विचारलं गेलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसली, विनीनं दाखवलेल्या बाजूला, आणि मग तिला रडू आलं.